बावन्न्या

शिवाजी पेठेत टोपणनाव आईबाप ठेवत नाहीत, कट्टा ठेवतो. बावन्न्याला ते प्रोसेसरनं मिळवून दिलं. त्याच्या आय-सेव्हन 12700के मधला चार नंबरचा कोअर 52 च्या रेशोवर पळतो. 100 मेगाहर्ट्झ गुणिले 52, म्हणजे 5.2 गिगाहर्ट्झ. कंपनी फार तर 5 पर्यंत सोडते. वरचे हे 200 मेगाहर्ट्झ त्यानं निवृत्ती चौकात इतक्या जणांना ऐकवलेत, की आता तो दिसला की पोरं चहाचा कप हातात घेऊनच वाट बदलतात.

सगळ्या कोअरना एकच आकडा ठोकून मोकळा होणारा माणूस त्याच्या लेखी हौशी. 1998 साली सेलेरॉन 300ए ची बस 66 वरून 100 वर ढकलून 300 मेगाहर्ट्झचे 450 करणाऱ्यांबद्दल त्याला आदर आहे, पण त्यांच्या पदरात एकुलता एक कोअर. इथं बारा. "भावा, तालमीत सगळ्या पोरास्नी सारख्याच बैठका मारायला लावतोस काय? ज्याचा त्याचा दम बघाय नको?" म्हणून बायोसमध्ये जाऊन प्रत्येकाला वेगळा रेशो. चार आणि पाच नंबर 52, दोघंतिघं 51, बाकीचे 50, आणि सहा नंबर 49. "सहा जरा कच्चा हाय. पन्नास दिलं की चितपट." उरलेले चार बारके कोअर एकाच झुपक्यात बसतात, त्या चौघांना मिळून रेशो एकच; वेगळा मागायची सोयच नाही. यावर बावन्न्या मनापासून हळहळतो.

खरी मेख पुढं आहे. रेशो ज्याचा त्याला, पण व्होल्टेजची वाट सगळ्यांना एकच. चार नंबरला 52 साठी जेवढं लागतं, तेवढंच सहालाही पोचतं. व्होल्टेज वाढलं की वीज त्याच्या वर्गाच्या पटीत खर्च होते, आणि ती सगळी उष्णता होऊन पंख्यातून बावन्न्याच्या गुडघ्यावर येते. "म्हणजे खुराक एकाच पातेल्यातला की रे," असं मी म्हटल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तेवढं एक इंटेलचं चुकलंच."

एकेका कोअरची परीक्षा रात्री चालते. प्राइम95 हा मूळचा अवाढव्य मूळ संख्या शोधायचा प्रोग्रॅम. 1996 पासून जगभरचे लोक त्यावर ते काम करतात. बावन्न्याला मूळ संख्येशी काही देणंघेणं नाही. उत्तर चुकलं की कोअर डळमळला, एवढंच त्याला हवं असतं. घरातही हे मुरलंय. सकाळी चहा ठेवता ठेवता आई विचारते, "सहा नंबर रातीचा परत पडला काय रं?" तिच्या आवाजात अशी काळजी असते, की नवख्या पाहुण्याला वाटावं, घरातलं कुणीतरी दवाखान्यात आहे.

या पिढीचे प्रोसेसर सॉकेटच्या पकडीनं मधोमध किंचित वाकतात आणि कूलर नीट टेकत नाही. त्यावर पकडीच्या स्क्रूखाली एक मिलिमीटरचे वॉशर घालायचा इलाज आहे. बावन्न्या थेट उद्यमनगरात गेला. कारागिरानं विचारलं, "कसल्या इंजिनाला?" यानं सांगितलं. कारागिरानं चारही वॉशर मायक्रोमीटरमध्ये धरून पाहिले, एक बाजूला काढला, दुसरा दिला आणि पैसे घेतले नाहीत. कॉम्प्युटरवाल्यांनी जे कधी केलं नाही ते इंजिनवाल्यानं केलं, त्याला गांभीर्यानं घेतलं. तापमान चार अंशांनी उतरलं. तो आकडा बावन्न्याकडं कागदावर लिहिलेला आहे.

एवढ्या यंत्रावर चालतं काय? वडिलांच्या दुकानाची बिलं, आणि महिन्याच्या वीस तारखेच्या आत जीएसटी. त्यासाठी नऊ वर्षांचा जुना लॅपटॉपसुद्धा पुरला असता, असं वडील म्हणतात. ते हे मुलाला उद्देशून बोलत नाहीत, कॅलेंडरकडं बघून बोलतात.

2022 च्या ऑक्टोबरात 13700के आला, कारखान्यातूनच 5.4 घेऊन. कट्ट्यानं बावन्न्याला घेरलं. तो जराही हलला नाही. "ते कंपनीनं दिलंय. त्यात आपला हात कुठाय?" पुढं 2024 मध्ये तेराव्या-चौदाव्या पिढीचे प्रोसेसर कोलमडायला लागले आणि मायक्रोकोड प्रमाणाबाहेर व्होल्टेज मागत होता, हे इंटेलनं कबूल केलं. त्या दिवशी बावन्न्यानं सगळ्या कट्ट्याला मिसळ चारली. "बघा, खुद्द कंपनीला व्होल्टेज आवरंना!"

त्याच भरात एका रात्री चार नंबरला 53 लावला. विंडोज उघडायच्या आत स्क्रीन निळा. तारीख होती एकोणीस. दुसऱ्या दिवशी दुपारी वडील जीएसटी भरायला कोपऱ्यावरच्या नेट कॅफेत रांगेत उभे होते, आणि मागच्या माणसाला सांगत होते, "घरात हाय की कॉम्प्युटर. लई फास्ट हाय."