ताडपत्रीचा भाग गाळून

हिंजवडीतल्या नोकरीचा राजीनामा देऊन चित्रकार झालेला माणूस पहिल्या आठवड्यात पॉल गोगाँचा दाखला देतो. पॅरिसच्या शेअरबाजारातला माणूस, सगळं सोडून ताहितीला गेला! १८८२ साली तो बाजारच गडगडला होता आणि पुढे हा गडी कोपनहेगनला, म्हणजे सासुरवाडीला, ताडपत्री विकत होता, एवढा भाग तेवढा गाळायचा. (तीही खपली नाही. गिऱ्हाईक डॅनिश, याला डॅनिश येईना.)

आपल्याकडे भाषेची अडचण नाही. "बजेट नाहीये, पण नाव होईल" हे शुद्ध मराठीत कळतं. घरचेही प्रोत्साहन देतात: "घरीच असतोस ना? मग गॅसवाला आला की दार उघड." पूर्वी साहेब एक होता, आता आठ आहेत आणि प्रत्येकाला मुखपृष्ठावरची पणती 'जरा मॉडर्न' हवी आहे. मानधन दिवाळी अंकाचं, येतं होळीला, तेही १० टक्के टीडीएस कापून.

एक्सेलला कंटाळून निघालेला हा कलावंत हल्ली रात्री एक्सेलच उघडतो. साठ दिवसांवरची थकबाकी केशरी, नव्वदवरची लाल. रंगसंगती मात्र सुरेख साधते.