वाफेला खासदार नाही

ई-सिगारेटच्या नियमनाबाबत लोकप्रतिनिधींकडे दाद मागण्याची रीत भारतात २०१९पासून फारच सुटसुटीत झाली आहे, कारण नियमन करण्याजोगे काही शिल्लकच ठेवलेले नाही. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने वटहुकमाला मंजुरी दिली आणि उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठा व जाहिरात या साऱ्यांवर एका फटक्यात बंदी आली. घोषणा केली ती अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी. संसदेचे हिवाळी अधिवेशन तेव्हा बरोबर दोन महिन्यांवर होते. तेवढी उसंत तंबाखूच्या धुराला पिढ्यान् पिढ्या मिळत आली आहे, वाफेला ती मिळाली नाही. लोकसभेने २७ नोव्हेंबरला आणि राज्यसभेने २ डिसेंबरला विधेयक मंजूर केले. ५ डिसेंबरला राष्ट्रपतींची सही झाली. नागरिकाने पत्र लिहावे, खासदाराने ते वाचावे आणि मग कायदा व्हावा, हा नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला क्रम. इथे आधी बंदी आली, मग खासदार आले. पत्राची पाळी अजून यायची आहे.

बंदीला कारण नव्हते असे नाही. निकोटिन व्यसन लावते, फळांच्या आणि मिठायांच्या चवी शाळकरी पोरांना भुरळ घालतात, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मे २०१९मध्येच पूर्ण बंदीची शिफारस केली होती. प्रश्न उरतो तो प्रमाणाचा. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत ई-सिगारेट ओढणारे प्रौढ ०.०२ टक्के निघाले, म्हणजे दहा हजारांत दोघे. तंबाखू या ना त्या रूपात घेणारे २८.६ टक्के होते. ज्या पश्चिम बंगालकडे पुढे वळायचे आहे, तिथे ३३.५ टक्के. दहा हजारांतल्या दोघांसाठी वटहुकूम निघाला आणि उरलेल्या काही हजारांसाठी पाकिटावर चित्र छापलेले आहे.

कायद्याचे दुसरे कलम मुद्दाम वाचण्यासारखे आहे. ई-सिगारेटचा उद्योग केंद्राने आपल्या नियंत्रणाखाली घेणे जनहिताच्या दृष्टीने इष्ट आहे, असे ते जाहीर करते; पुढची कलमे तो उद्योग मुळीच नसावा याची तजवीज करतात. दत्तक घेऊन त्याच दुपारी तेरावे घालण्याचा हा प्रकार घटनेच्या सोयीसाठी आहे. सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय, म्हणून केंद्राला उद्योगाच्या दाराने आत यावे लागले. झडतीचा अधिकार मात्र फौजदार आणि त्याच्या वरच्या पोलीस अधिकाऱ्यांना आहे, आणि पोलीस राज्याचे. त्यामुळे आमदाराकडे गेल्यास तो प्रामाणिकपणे सांगू शकतो की कायदा दिल्लीचा आहे, आणि खासदार तितक्याच प्रामाणिकपणे सांगू शकतो की पोलीस राज्याचे आहेत. टोलवाटोलवीला इतकी भक्कम घटनात्मक बैठक क्वचितच मिळते.

कायद्यातली शिक्षा कडक आहे. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुढच्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड; साठ्याला सहा महिने किंवा पन्नास हजार किंवा दोन्ही. कायदा येण्याआधीचा माल ज्यांच्याकडे होता त्यांनी आपण होऊन यादी करून तो जवळच्या अधिकाऱ्याकडे जमा करावा, अशीही तरतूद आहे. दिवाळीच्या साफसफाईइतक्याच भाबडेपणाने ती लिहिलेली दिसते.

कोलकात्यात या कायद्याचा पहिला संपर्क लोकप्रतिनिधींशी न होता न्यायमूर्तींशी झाला. वटहुकूम निघाल्यावर काही दिवसांतच प्लूम व्हेपर आणि वोक व्हेपर्स या दोन कंपन्या कलकत्ता उच्च न्यायालयात गेल्या. साधी सिगारेट चालते तर ही का नाही, हा त्यांच्या तक्रारीचा गाभा. न्यायालयाने वटहुकमाला स्थगिती दिली नाही.

साधी सिगारेट का चालते याचे उत्तर त्याच शहरात, चौरंगीवर आहे. व्हर्जिनिया हाऊस ही आयटीसी कंपनीच्या मुख्यालयाची इमारत. तंबाखूच्या जातीचे नाव दारावर मिरवणारी. कंपनी २४ ऑगस्ट १९१० रोजी इंपीरियल टोबॅको म्हणून सुरू झाली. पुढे नावातले इंपीरियल गेले, मग टोबॅकोही आद्याक्षरात विरघळला. सगळ्यांत मोठा भागधारक ब्रिटिश अमेरिकन टोबॅको; पण सरकारी आयुर्विमा महामंडळाकडे १५ टक्क्यांच्या आसपास आणि जुन्या युनिट ट्रस्टच्या वारशातून केंद्र सरकारकडे ८ टक्क्यांच्या आसपास हिस्सा राहिला आहे. बंदीची घोषणा झाली त्या दिवशी सिगारेट कंपन्यांचे शेअर वधारले. आयटीसीने स्वतः ‘इऑन’ नावाची ई-सिगारेट विकून पाहिली होती, हेही नोंदवायला हवे. सावत्र अपत्य गेल्याचे दुःख शेअरबाजाराने फार केले नाही. देशाचा खजिनाच ज्या धंद्यात वाटेकरी आहे त्याला खासदाराचा पत्ता शोधत बसावे लागत नाही.

बिडीचा पत्ता आणखी जवळचा आहे. कोलकात्याच्या उत्तरेला, मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या जंगीपूर, धुलियान, औरंगाबाद या पट्ट्यात घरोघरी बायका मांडीवर सूप घेऊन बिड्या वळतात. प्रणव मुखर्जी याच जंगीपुरातून लोकसभेत जात. २०१९ साली तिथून निवडून आलेले खलिलुर रहमान बिडी उद्योजक आहेत. २०१६ साली जंगीपूरचे आमदार झालेले जाकिर हुसेन हेही बिडीवालेच. ते राज्याचे राज्यमंत्री झाले आणि खाते मिळाले कामगार. इथे लोकप्रतिनिधीशी संपर्क साधायला आरशात पाहिले तरी भागते. सप्टेंबर २०२५मध्ये जीएसटी परिषदेने बिडीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८वर आणायचे ठरवले, ते यामुळेच असे कोणी म्हणू नये. योगायोगालाही मतदारसंघ असतात.

महाराष्ट्रानेही या शास्त्रात भर घातली आहे. पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापावा हा नियम १ एप्रिल २०१५पासून लागू व्हायचा होता. संसदेच्या दुय्यम विधान समितीने तो लांबवण्याची शिफारस केली. समितीचे अध्यक्ष होते अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी. तंबाखूने कर्करोग होतो हे दाखवणारे भारतीय सर्वेक्षण नाही, अभ्यास सगळे परदेशातले, असे त्यांचे म्हणणे. त्याच समितीत अलाहाबादचे खासदार श्यामाचरण गुप्ता होते. त्यांचा धंदा बिडीचा. नियम वर्षभराने लागू झाला. लोकप्रतिनिधींशी संपर्क फळाला येतो तो असा, आणि त्यासाठी मसुद्याचा नमुनाही लागत नाही.

सामान्य माणसासाठी वाट वेगळी आहे. कोलकाता महापालिकेच्या १४४ प्रभागांतला नगरसेवक भेटायला सर्वांत सोपा. त्याच्या हातात गटारे आहेत, वाफ नाही. पश्चिम बंगाल विधानसभेतल्या २९४ आमदारांचे उत्तर वर आलेच आहे. मुख्यमंत्रिपदी असताना ममता बॅनर्जी यांनी जुलै २०१९मध्ये ‘दीदी के बोलो’, म्हणजे ‘दीदीला सांगा’, ही फोनसेवा काढली आणि २०२३मध्ये ‘सरासरी मुख्यमंत्री’. हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात उतरलेल्या मराठी पाहुण्याने हे नाव वाचून गैरसमज करून घेऊ नये. बंगालीत ‘सरासरी’ म्हणजे थेट.

खासदारांचे प्रकरण नाजूक आहे. ११ डिसेंबर २०२५ला लोकसभेत भाजपचे अनुराग ठाकूर यांनी आरोप केला की तृणमूल काँग्रेसचा एक खासदार सभागृहातच ई-सिगारेट ओढत आहे. अध्यक्षांनी सांगितले की अशी परवानगी कोणालाच नाही. त्याच गदारोळात दमदमचे खासदार सौगत राय संसदेबाहेर साधी सिगारेट ओढताना दिसले आणि मोकळ्या जागेत ओढायला मनाई नाही, असे त्यांनी सांगितले. कायद्याच्या दृष्टीने हा युक्तिवाद चोख आहे: जळते ते बाहेर चालते, जळत नाही ते कुठेच विकता येत नाही. आरोप खरा असो वा नसो, ई-सिगारेटवर सभागृहाचे लक्ष वेधायला आजवर जितकी निवेदने गेली असतील त्यांपेक्षा या एका झुरक्याच्या संशयाने जास्त काम केले.

चौरंगीच्या मागच्या गल्लीतल्या पानगुमटीवर हे सगळे शांतपणे चालू असते. खांबाला काथ्याची दोरी टांगलेली, तिचे खालचे टोक दिवसभर धुमसते. गिऱ्हाईक एकच सुटी सिगारेट घेते, मान तिरकी करून ती दोरीला टेकवते, एक झुरका ओढून पेटल्याची खात्री करते आणि चालू लागते. टपरीवर रंगीत खडूसारखी ई-सिगारेटची नळी मिळाली तर ती गल्ल्याखालच्या खोक्यातून निघते, आणि बंदीमुळे किंमत तेवढी वाढलेली असते. बंदी सुरळीत चालली असती तर केंद्राने २०२३मध्ये तिच्या उल्लंघनाच्या तक्रारींसाठी पोर्टल काढले नसते.

खासगी विधेयकाची वाट कोणी सुचवल्यास स्वातंत्र्यानंतर अशी चौदाच मंजूर झाली आणि शेवटचे १९७० साली, हे ध्यानात ठेवावे. याचिकेची वाट खुली आहे. लोकसभेच्या याचिका समितीत पंधरा सदस्य असतात. याचिका हिंदीत किंवा इंग्रजीत असावी. बंगालीत किंवा मराठीत लिहिल्यास भाषांतर जोडून त्यावरही सही करावी. पत्रच पाठवायचे तर वीस ग्रॅमपर्यंत पाच रुपयांचे तिकीट पुरते.