डोक्यावर बसलेल्या स्लॅबसाहेबांस

श्री. स्लॅबसाहेब,
मु. पो. आमच्या डोक्यावर, तिसरा माळा, नागपूर.

साष्टांग दंडवत. (फरशीही गरमच आहे, पण असो.)

जूनचं वीजबिल आलं आणि आपली प्रकर्षानं आठवण झाली. गल्लीतले सगळे सूर्याला शिव्या घालतात, मला ते पटत नाही. तो बिचारा सातच्या आत दुकान बंद करून जातो. आपण मात्र त्याची दिवसभराची कमाई पोटात ठेवता आणि रात्री अकराला, आम्ही पाठ टेकल्यावर, हप्त्याहप्त्यानं आमच्या अंगावर काढता. परवा स्टुलावर चढून आपल्या पोटाला हात लावला. पोळ्या आटोपून तासभर झालेला तवा! पंखा तीच हवा इमानेइतबारे खाली ओतत होता.

नवतप्यात कूलरनं आपल्याशी झुंज दिली. हवा कोरडी असली की वाळ्याच्या ताट्यांवरचं पाणी भराभर उडतं आणि 45 अंशांतही खोली निवते, तीही दोनेकशे वॅटमध्ये. मग मृग लागला. एक सर आली, पाणी उडेनासं झालं आणि कूलर नुसताच दमट वारा मारू लागला. झक मारत एसी लावला. दीड टनाचा एसी म्हणजे साधारण दीड हजार वॅट. सात कूलरांचं जेवण एकटा जेवतो. 2020 पासून नवे एसी 24 अंशांवरच सुरू होतात, तसा नियमच आहे. पण आपण वर असताना ते 24 गाठायला कॉम्प्रेसर अर्धी रात्र धापा टाकतो.

आपले बंधू बिलात नोकरीला आहेत म्हणे. तेही स्लॅबच. शंभर युनिटांपर्यंत गोड बोलतात, तीनशेच्या पुढे आवाज चढवतात, पाचशेनंतर ओळखच देत नाहीत. आपण युनिटं वाढवायची, त्यांनी भाव लावायचा. घरचाच धंदा!

एक चूक मात्र आमची. पूर्वी संध्याकाळी आपल्या पाठीवर चार बादल्या ओतून आम्ही तिथेच गाद्या टाकायचो. आपण खाली तापलेले, आम्ही वर गार. एसी आला आणि ती जागा आम्ही टाक्यांना नि डिशांना देऊन बसलो.

तरी कळवायचं ते हे, की येत्या मार्चात, उन्हं चढायच्या आत, आपल्या पाठीवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात मारायचं ठरलं आहे. बरंचसं ऊन आल्या पावली परत जाईल. आजवर चुना आम्हाला लागत होता. तिन्ही माळ्यांची वर्गणी जमा झाली आहे.

आपला भाजलेला,
वरच्या माळ्यावरचा भाडेकरू