तारखा आधी दाखवा, सही मग मागा

सुट्ट्यांची पंचवीस वर्षांची सदस्यत्वे विकणाऱ्या कंपनीच्या विक्रीप्रमुखांस,



या पत्रात तुमचे नाव मी मुद्दाम घातलेले नाही. तुमचे सभासद ते वाचता वाचता ओळखतील, आणि तुमच्या धंद्यातल्या इतर कोणाला हे पत्र आपल्यालाच आले आहे असे वाटले तर त्यांनीही ते ठेवून घ्यावे.

मी ठाण्यातल्या एका ग्राहक मार्गदर्शन केंद्रावर बसते. नोकरी बँकेत झाली, कर्जाचे कागद तपासण्यात, त्यामुळे बारीक अक्षरातला मजकूर वाचायची सवय आहे. तुमचा करारनामा माझा वाचून झाला आहे. तुमच्या विक्री प्रतिनिधींनी तो वाचला असावा असे वाटत नाही, कारण ते टेबलावर जे सांगतात त्यातले फारच थोडे त्या कागदांत सापडते.

आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाची सुरुवात एकाच फोनने झालेली असते. मॉलमध्ये किंवा पेट्रोल पंपावर कोणीतरी कूपन भरून घेतलेले असते. मग फोन येतो: अभिनंदन, लकी ड्रॉमध्ये तुमचा नंबर निघाला, तीन दिवस दोन रात्रींची सहल मोफत, फक्त जोडीने या. जोडीने का, हे आम्ही पुढे समजून घेतले. एकटा माणूस 'घरी विचारून सांगतो' म्हणून उठू शकतो. नवराबायको दोघे समोर असले की तुम्ही ती वाटही बंद करता. हॉटेलच्या हॉलमध्ये गाणी इतक्या मोठ्याने लावलेली असतात की दोघांना एकमेकांशी नीट बोलता येत नाही. मधूनच माइकवरून कोणा कुटुंबाचे नाव पुकारतात, टाळ्या वाजतात. अर्ध्या तासाचे दोन-तीन तास होतात, मुले कंटाळून रडकुंडीला येतात, आणि मग 'मॅनेजर साहेब' येऊन फक्त आजच्या दिवसापुरती लाखभराची सूट देतात. क्रेडिट कार्ड तिथेच घासले जाते, उरलेल्या रकमेचे हप्ते तिथेच बांधले जातात. करारनामा मात्र नंतर कुरियरने घरी येतो.

पैसे आधी आणि अटी नंतर, असा व्यवहार मी बँकेत कोणाला करू दिला नसता. निवृत्त शिक्षकाला, ज्याच्या हातात भविष्यनिर्वाह निधीचे पैसे नुकतेच आले आहेत, तुम्ही तो करायला लावता. मोफत सहलीचे पुढे काय होते तेही सांगते. 'कर आणि सेवाशुल्क' म्हणून काही हजार आधी भरावे लागतात, शनिवार-रविवार चालत नाहीत, आणि मागितलेल्या तारखांना जागा नसते. त्या सहलीवरूनच लोकांनी पुढचे ओळखायला हवे होते, असे तुमचा एक माणूस आमच्याच केंद्रात आमच्या तोंडावर म्हणाला. फसवणारा स्वतःच फसलेल्याला शहाणपण शिकवतो, याचा मला फार राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही विकता ते वर्षातले सात दिवस, जांभळ्या, लाल, पांढऱ्या किंवा निळ्या हंगामातले. महाराष्ट्रातल्या ज्या घरात शाळेत जाणारी मुले आहेत त्या घराला सुट्टी मिळते ती मे महिन्यात, दिवाळीत आणि थोडीशी नाताळात. तुम्हाला हे ठाऊक आहे, कारण तुमचे सगळ्यात महागडे रंग नेमके त्याच तारखांना लावलेले आहेत. तरी ज्याला स्वस्तातले सदस्यत्व विकता त्याला 'नंतर बदलून घेता येईल' असे सांगता, आणि ज्याने महागातले घेतले त्याला दिवाळीत महाबळेश्वर मागितल्यावर 'उपलब्धतेनुसार' हा शब्द दाखवता. डोंबिवलीच्या एका जोडप्याला मुलांच्या सुट्टीत एकदाही खोली मिळाली नाही. देऊ केला तो जुलै. जुलैतले महाबळेश्वर मला ठाऊक आहे. वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडणारे ते गाव आहे आणि त्यातला मोठा हिस्सा याच दिवसांत कोसळतो. धुक्यात एकही पॉइंट दिसत नाही, वेण्णा तलावातल्या नावा बंद असतात, आणि मुलांची शाळा तर चालूच असते.

खोल्या भरलेल्या आहेत, एवढेच कारण असते तर माणूस गप्प बसला असता. त्याच जोडप्याने नकार आला त्याच रात्री हॉटेलांच्या खोल्या विकणाऱ्या अॅपवर तुमचे तेच रिसॉर्ट उघडले. त्याच तारखा, तशीच खोली, ताबडतोब उपलब्ध, फक्त रोख भाड्याने. आम्ही त्याचे स्क्रीनशॉट तुम्हाला पाठवले. उत्तर आले की तो 'वेगळा कोटा' आहे. हा कोटा किती खोल्यांचा असतो? दिवाळीच्या आठवड्यात सभासदांसाठी किती ठेवता आणि बाहेरच्यांना किती विकता? एका रिसॉर्टमधल्या एका खोलीमागे तुम्ही किती सभासद केले आहेत? करारनाम्यात यातले काही नाही. विक्रीच्या टेबलावर तर विषयच निघत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे: ज्या तारखांच्या नावाने तुम्ही लाखो रुपये घेता त्या तारखांचे कॅलेंडर तुम्ही सहीपूर्वी कोणालाही दाखवत नाही, आणि तुमचा सगळा धंदा त्या न दाखवण्यावर उभा आहे.

यावर तुमचे ठरलेले उत्तर असते, की मग विनिमय योजना वापरा, जग फिरा. विनिमयाची मूळ कल्पना वाईट नव्हती. 1974 मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्ये आरसीआय ही विनिमय कंपनी सुरू झाली आणि 1976 मध्ये इंटरव्हल इंटरनॅशनल. तेव्हा माणसाकडे एका जागेचा, एका ठरावीक आठवड्याचा हक्क असे. तो त्याने सामायिक साठ्यात जमा करायचा आणि दुसऱ्या कोणी जमा केलेला उचलायचा. पण जमा केलेल्या प्रत्येक आठवड्याचे वजन सारखे नसते. जागा कोणती, हंगाम कोणता, खोली केवढी, किती महिने आधी जमा केली, यावरून ते ठरते. सोप्या तारखा जमा करून नाताळातला गोवा मिळत नाही. विकताना तुम्ही जगाचा नकाशा भिंतीवर लावता आणि हे वजन सांगत नाही. सुरुवातीचा फुकट काळ संपला की विनिमयाची वार्षिक वर्गणी वेगळी भरायची, प्रत्येक अदलाबदलीचे शुल्क वेगळे, आणि आपल्याऐवजी भावाला पाठवायचे तर पाहुण्याच्या पत्राचे पैसेही वेगळे. अमेरिकेतल्या सभासदांनी अशाच एका विनिमय कंपनीला 2006 मध्ये न्यू जर्सीतल्या फेडरल न्यायालयात खेचले होते. आम्ही जमा केलेले चांगले आठवडे बाहेरच्यांना भाड्याने दिले जातात, अशी त्यांची तक्रार होती. डोंबिवलीतल्या त्या स्क्रीनशॉटची आणि त्या तक्रारीची जात एकच आहे.

पैशाचा हिशेब तुमचे प्रतिनिधी फार उत्साहाने मांडतात: आजचे हॉटेलभाडे, दरवर्षी दहा टक्के वाढ, पंचवीस वर्षांनी किती होईल बघा! मी दुसरा हिशेब मांडते. समजा सदस्यत्वाला चार लाख दिले. तेच बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला 28 हजार व्याज आले असते. देखभाल शुल्क वर्षाला 20 हजार धरा. झाले 48 हजार, म्हणजे सात रात्रींसाठी रात्रीला पावणेसात हजारांच्या वर, जेवणखाण सोडून. शिवाय मुदत संपताना ते चार लाखही गेलेले असतात. हे दर वर्षी सातही रात्री मिळाल्या तर. ज्या वर्षी एकही रात्र मिळत नाही त्या वर्षीही देखभालीचे बिल वेळेवर येते, जीएसटीसह, मागच्यापेक्षा वाढून. ते भरले नाही तर व्याज लागते आणि आरक्षण बंद होते. तुमच्याकडून खोली मिळाली नाही तर तुम्हाला मात्र काहीच भरावे लागत नाही. कराराचा एवढा एकतर्फी नमुना सावकारी पाशात अडकलेल्या शेतकऱ्याच्या कागदांतच सापडेल.

तुमच्या योजनेने ज्यांचे बरे झाले असेही लोक मला भेटले आहेत, हे सांगितलेच पाहिजे. मुले मोठी झालेली, नोकरीचे बंधन नसलेले, सहा-सात महिने आधी आरक्षण करू शकणारे, आणि सप्टेंबरातले कुर्ग किंवा फेब्रुवारीतले मुन्नार आनंदाने घेणारे. योजना त्यांच्या उपयोगाची आहे. मग ती त्यांनाच विका. सहावी-आठवीतली दोन मुले घेऊन आलेल्या जोडप्याला ती विकताना तुमच्या माणसाला पक्के माहीत असते की यांना हव्या त्या तारखा मिळणार नाहीत.

बाहेर पडायचे म्हटले तर दार सापडत नाही. रद्द करायचे तर 'प्रवेश शुल्क' या नावाखाली मोठी रक्कम कापली जाते, विकायचे तर घेणारा नाही. मग अनोळखी फोन सुरू होतात: तुमचे सदस्यत्व आम्ही चढ्या भावाने विकून देतो, आधी फक्त कराची रक्कम भरा. आमच्याकडे आलेल्या एका आजींचे असे पैसे गेले. फोन करणाऱ्याला त्यांचा सदस्यत्व क्रमांक आणि भरलेली रक्कम दोन्ही ठाऊक होते. ही माहिती तुमच्या दप्तरातून बाहेर कशी गेली, या आमच्या प्रश्नाला तुम्ही अजून उत्तर दिलेले नाही.

सुट्टीच्या नावाखाली पैसे गोळा करण्याचा आणखी वाईट प्रकार या मुंबईने पाहिला आहे. पॅनकार्ड क्लब्जने हॉटेलच्या रात्री विकल्या, आणि त्या न वापरणाऱ्याला मुदतीअंती वाढीव रक्कम परत देण्याचे सांगितले. सेबीने त्याला नोंदणी न केलेली सामूहिक गुंतवणूक योजना ठरवले आणि फेब्रुवारी 2016 मध्ये सात हजार कोटींहून अधिक रक्कम परत करायचा आदेश दिला. गुंतवणूकदार 50 लाखांच्या वर होते. तुमचा धंदा तसा आहे असे मी म्हणत नाही. पण त्यानंतरही टाइमशेअरसाठी, म्हणजे तुमच्यासारख्या सदस्यत्वांसाठी, वेगळा कायदा आपल्याकडे झाला नाही, आणि त्या मोकळ्या जागेत तुम्ही सुखाने उभे आहात. युरोपीय संघाच्या 2008 च्या निर्देशानुसार ग्राहकाला सही केल्यापासून 14 दिवस कारण न देता करार मोडता येतो, आणि त्या 14 दिवसांत विक्रेत्याला त्याच्याकडून एक पैसाही घेता येत नाही. तो नियम इथे असता तर तुमच्या हॉलमधले 'फक्त आज' एका दिवसात बंद पडले असते.

तरी आमचे हात अगदीच रिकामे नाहीत. तुमच्या करारात लिहिले आहे की वाद फक्त तुमच्या मुख्यालयाच्या शहरात चालेल आणि लवादापुढे जाईल. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. करारात लवादाचे कलम असले म्हणून ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफच्या खटल्यात 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. त्याच कायद्यात अनुचित कराराची व्याख्या आहे, आणि ग्राहकाला अन्यायकारक अशी कलमे रद्द ठरवण्याचा अधिकार राज्य आयोगाला आहे. केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते. आणखी एक सांगते, आणि ते तुम्हाला सगळ्यात जास्त झोंबेल: तक्रारीला मुदत दोन वर्षांची आहे. 'या वर्षी जमले नाही, पुढच्या वर्षी नक्की' असे तुमचा सेवा विभाग इतक्या गोड आवाजात का सांगतो, ते ही मुदत मोजल्यावर कळते. म्हणून आमच्याकडे येणाऱ्यांना पहिल्या नकारालाच ईमेल करायला, तारखांचे स्क्रीनशॉट ठेवायला आणि 1915 वर तक्रार नोंदवायला शिकवले आहे.

तुमच्याकडून काय हवे तेही लिहिते. सहीपूर्वी ग्राहकाला गेल्या दोन वर्षांचे मे, दिवाळी आणि नाताळचे आरक्षण दाखवा: किती सभासदांनी मागितले, किती जणांना मिळाले, किती खोल्या बाहेर विकल्या. करारनामा मराठीत द्या, पैसे घेण्याच्या आधी द्या, आणि घरी नेऊन वाचू द्या. मागूनही खोली मिळाली नाही त्या वर्षाचे देखभाल शुल्क माफ करा. बाहेर पडणाऱ्याला उरलेल्या वर्षांच्या प्रमाणात पैसे परत करा. डोंबिवलीच्या जोडप्याची तक्रार तयार आहे. त्यांचे पैसे या महिनाअखेरपर्यंत परत आले नाहीत तर ती ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात दाखल होईल, आणि तिच्या मागे आणखी काही आहेत.

उत्तर लेखी द्या. फोनवर नको. फोनवर तुमची माणसे काय काय कबूल करतात ते आम्ही पुष्कळ ऐकले आहे.

आपली,
ग्राहक मार्गदर्शन केंद्रावरची एक कार्यकर्ती
ठाणे