गॅमाभाऊ

अमरावतीत राहून अकोल्याला नोकरी करणाऱ्या माणसाला आमच्याकडे 'अपडाऊनवाला' म्हणतात. बडनेऱ्याहून सकाळी निघणाऱ्या गाडीत पत्ते कुटणारे, झोपणारे आणि सरकार चालवणारे असे तीन प्रकारचे अपडाऊनवाले असतात. गॅमाभाऊ चौथ्या प्रकारात एकटेच. ते मांडीवर लॅपटॉप उघडून प्रकाशाची बाजू घेऊन भांडतात.

हे टोपणनाव डब्याने ठेवलं. सापेक्षतावादात वेग वाढला की घड्याळ किती मंदावतं, ते सांगणाऱ्या गुणकाला गॅमा म्हणतात, आणि भाऊ कशालाही त्या गुणकाने गुणतात. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला, तेव्हा सगळ्या वऱ्हाडाची कॉलर ताठ झाली होती. भाऊंनी फक्त एवढंच विचारलं, "कोनाच्या घड्याळात? रोलरवाल्याच्या का उभं राहून पाहनाऱ्याच्या?"

त्यांचं मूळ दुखणं अंतराळयानांच्या सिम्युलेटरचं. मार्टिन श्वायगर यांचा 'ऑर्बिटर' त्यांना मान्य आहे. तो न्यूटनच्या नियमांवर चालतो, पण पृथ्वीभोवती सेकंदाला आठेक किलोमीटर वेगाने फिरणाऱ्या यानाला तेवढं पुरतं. २००१ साली आलेल्या 'सेलेस्टिया'त मात्र प्रकाशाच्या कितीतरी पट वेगाने ताऱ्यांमधून भटकता येतं. विश्व पाहायला ही सोयच आहे, असं तुम्हीआम्ही म्हणू. भाऊंच्या पुतण्याने त्यात एकदा क्षणात आकाशगंगा ओलांडली, तर भाऊंनी त्याचा माउस काढून घेतला.

मग स्वतःच प्रोग्राम लिहायला बसले. पहिलं यान त्यांनी पृथ्वीच्या गुरुत्वाइतक्या त्वरणाने सोडलं. दर सेकंदाला वेगात ९.८ मीटरची भर, साधी बेरीज. ३५४ दिवसांनी यानाने प्रकाशाला मागे टाकलं, वर्गमुळाखाली ऋण संख्या आली आणि पडद्यावर 'नॅन' उमटलं, म्हणजे हा आकडाच नव्हे. घरात सुतक असल्यासारखे भाऊ दोन दिवस बोलले नाहीत. मग त्यांना रॅपिडिटी सापडली. वेगांची सरळ बेरीज करायची नाही, रॅपिडिटीची करायची आणि शेवटी तिच्यावरून वेग काढायचा. रॅपिडिटी कितीही वाढो, वेग प्रकाशाच्या अलीकडेच राहतो. आता त्यांचं यान अर्ध्या वाटेपर्यंत वेग वाढवतं, उरलेल्या वाटेत कमी करतं आणि ४.२४ प्रकाशवर्षांवरच्या प्रॉक्झिमा ताऱ्यापाशी पोचतं. यानातल्यांची साडेतीन वर्षं जातात, बडनेऱ्याच्या फलाटावरची जवळपास पावणेसहा नव्हे, पावणेसहाला थोडी वरचढ. ही 'थोडी' किती, हे विचारण्याची चूक डब्यात आता कोणी करत नाही.

पण प्रॉक्झिमाचं कौतुक डब्यात कोणाला? म्हणून भाऊंनी विश्वच अमरावतीत आणलं. अमेरिकेतल्या एमआयटीने २०१२ मध्ये एक खेळ काढला होता. त्यात वस्तू गोळा कराव्यात तसा प्रकाश मंदावत जातो आणि शेवटी चालतानाही सापेक्षतावाद दिसू लागतो. ती युक्ती उचलून भाऊंनी प्रकाशाचा वेग ताशी १०० किलोमीटर केला आणि अकोल्याच्या एसटीला ८० ने पळवलं. अंतर धरून चला १००. फलाटावरच्या घड्याळात सव्वा तास, बसमधल्या घड्याळात ४५ मिनिटं, आणि बसवाल्यांना रस्ता भरतो फक्त ६० किलोमीटर. काटकोनात, बरोब्बर बाजूला असलेलं बोरगाव मंजू समोरून ३७ अंशांवर दिसतं, म्हणजे गाव येऊन गेलं तरी पुढेच आहे असं वाटतं. अकोल्याकडे तोंड करून उभा असलेला ट्रक खिडकीच्या रेषेत आला की मान वळवून आपल्याचकडे पाहतो. टेरेल आणि पेनरोज यांनी १९५९ मध्ये हे दाखवलं, हे भाऊ ट्रक दिसल्याशिवायही सांगतात.

रंगांनी मात्र त्यांना रडवलं. त्या वेगात समोरून येणाऱ्या प्रकाशाची वारंवारता तिप्पट होते. दिसणारे रंग अतिनीलात जाऊन गडप होतात आणि त्यांच्या जागी अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसू लागतो. तेव्हा चित्र खरं काढायचं तर प्रत्येक वस्तू अवरक्तात कशी दिसते ते ठाऊक हवं. भाऊंनी राजकमल चौकात गिला वड्याच्या गाडीवाल्याला ते विचारलं. "भाऊ," तो म्हणाला, "दही टाकू का नको, तेवढं सांगा."

घरी वहिनी आहेत. एकदा भाऊ स्वयंपाकघराकडे पाहत म्हणाले, "तू तिथून तीन मीटरवर हाय. मले आत्ताची नाई दिसत, दहा नॅनोसेकंदांपूर्वीची दिसते."

"मंग तेवढीच जवान दिसत असन. उठा, दळन आना."

"अवं, आवाज तर नऊ मिलिसेकंद उशिरा येते."

दळण त्या दिवशी वहिनींनीच आणलं.

डब्यातल्या एकाने त्यांना कोंडीत पकडायचा प्रयत्न केला होता. "भाऊ, धावनाऱ्याचं घड्याळ हळू चालते न? तुम्ही जिंदगीभर अपडाऊन केलं, मंग केस काहून पांढरे झाले?"

"अबे, प्रकाश सेकंदाले तीन लाख किलोमीटर जाते. आपली गाडी तासाले साठ. केसायले समजाले तरी पायजे, का आपन धावून रायलो!"

मग त्यांनी 'शकुंतला' रेल्वेचा हिशेब काढला. मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर, चारेक तास. एका फेरीत प्रवासी गावकऱ्यांपेक्षा जेमतेम दोन पिकोसेकंदांनी तरुण राहायचा. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. "न्यूटनले शकुंतलेतच बसवाले पायजे होतं," भाऊ म्हणाले, "त्याचं कधीच चुकलं नसतं."

आम्ही हसतो, पण आमच्या मोबाइलमधला नकाशा भाऊंच्याच बाजूने आहे. जीपीएस उपग्रहांची घड्याळं वेगामुळे दिवसाला सात मायक्रोसेकंद मागे पडतात, वरच्या कमी गुरुत्वामुळे ४५ पुढे जातात. निव्वळ ३८ चा हा फरक आधीच काढून टाकला नसता, तर दिवसभरात दहाएक किलोमीटरची चूक साचली असती. बडनेरा आणि अमरावती यांच्यात साधारण तेवढंच अंतर आहे.

त्या गाडीत कधी बसलात आणि लॅपटॉपवर वाकडा ट्रक दिसला, तर भाऊंना खिडकीची जागा द्या. वाद घालायचा असेल तर मूर्तिजापूरच्या आत आटपा. गणित त्यांचंच बरोबर असतं.