वाघाच्या गालावर वॉटरमार्क

आमच्या गल्लीतल्या पोहेवाल्याने हातगाडी सोडून गाळा घेतला. उमरेडात गाळा घेतला की पहिला खर्च कढईवर होत नाही, फ्लेक्सवर होतो. म्हणून परवा फ्लेक्सच्या दुकानात कम्प्युटरपुढे आम्ही दोघे प्लॅस्टिकच्या स्टुलांवर बसलो होतो. मला सोबत नेण्याचे कारण एवढेच की मी रोज पेपर वाचतो. पेपर वाचणारा माणूस आमच्याकडे निम्मा वकील धरला जातो, आणि फी तर अजिबात घेत नाही.

नाव ठरलेले होते, 'झकास भिडू तर्रीपोहा'. डाव्या कोपऱ्यात वाघ. वाघाशिवाय उमरेडात फ्लेक्स होत नाही. टायरच्या दुकानावर वाघ, कोचिंग क्लासवर वाघ, वाढदिवसाच्या भाऊंच्या मागेही वाघ (आणि चेहऱ्यावरून पाहिले तर दोघांत घाबरलेला वाघच वाटतो).

फ्लेक्सवाल्या पोराने गूगलवर 'टायगर' टाकले आणि दुसऱ्या ओळीतला एक उचलला. मी चष्मा पुसून पाहिले. वाघाच्या पायाखाली बर्फ होता. उमरेडात बर्फ असतो, नाही असे नाही, पण तो रसवंतीत असतो. शिवाय वाघाच्या गालावरून कुठल्या तरी परदेशी फोटोकंपनीचे नाव तिरपे, फिकट अक्षरांत तीनदा गेले होते.

"हे काय रे गालावर?"

"पट्टे होय ना जी ते," पोरगा म्हणाला.

मी समजावले. फोटो काढणाऱ्याचा त्या फोटोवर कॉपीराइट असतो. तो त्याच्या हयातीत टिकतो आणि तो गेल्यावर आणखी 60 वर्षे टिकतो. जंगलातला वाघ स्वतः बारा-पंधरा वर्षांत आटोपतो. म्हणजे वाघ गेला, त्याची नातवंडे-पणतवंडे गेली, तरी गालावरचे ते पट्टे शाबूत.

"मग वाघ बदलू," पोहेवाला म्हणाला. "नाव तर बरोबर आहे ना जी?"

इथे मला घसा खाकरावा लागला. कारण त्याच्या तीन शब्दांपैकी दोन शब्द दिल्लीला जाऊन आले आहेत.

सप्टेंबर 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूर यांचे नाव, आवाज, छबी आणि त्यांच्या ढंगातले 'झकास' यांच्या परवानगीविना वापराला चाप लावला. मे 2024 मध्ये जॅकी श्रॉफ त्याच न्यायालयात गेले. त्यांच्या यादीत 'जग्गूदादा' होते आणि 'भिडू'ही होता. प्रतिवाद्यांमध्ये 'भिडू' नावाने शवर्मा विकणारे एक हॉटेलही होते. हे ऐकून पोहेवाल्याने कपाळावरचा घाम पुसला.

आता न्यायालयाने काय म्हटले ते नीट सांगायला हवे, नाहीतर मलाच नोटीस यायची. झकास म्हणायला बंदी नाही. नटाची छबी, आवाज, ढब वापरून, त्याच्या नावावर आपला माल खपवायला बंदी आहे. चेहरा चिकटवून अश्लील व्हिडिओ करणारी, यंत्राकडून हुबेहूब आवाज काढून घेणारी टोळकी मोकाट सुटलेली असताना नटाने कोर्टात जाणे अगदी रास्त आहे. आशा भोसले यांनाही 2025 मध्ये आपल्या आवाजासाठी मुंबई उच्च न्यायालयाचे दार वाजवावे लागले. गळा त्यांचा, आणि गाणार कम्प्युटर.

पण भिडूचे काय? भिडू हा विटीदांडूतला आपल्या बाजूचा गडी. 'तू माझा भिडू' म्हणून ज्याचा हात धरला, त्याने पहिल्याच डावात झेल सोडला, असा तो शब्द. जॅकी श्रॉफ वाळकेश्वरच्या तीन बत्तीतल्या चाळीत वाढले. तिथल्या पोरांच्या तोंडचा शब्द त्यांनी उचलला, पडद्यावर नेला आणि मोठा केला, हे कबूल. 'झकास' 1985 च्या 'युद्ध' सिनेमात गाजला. त्याच्या कितीतरी आधी आमची आजी पिठल्याला झकास म्हणत होती. तिने रॉयल्टी मागितली नाही. तिला वाटायचे, शब्द पिठल्यासारखाच असतो, वाढला की पुरतो.

"मंग सारं काढून टाका," पोहेवाला वैतागला. "आपला वाघ लावू. जय लावू!"

त्याचे चुकले नाही. उमरेडने जगाला दिलेला सेलिब्रिटी एकच, उमरेड-पवनी-करांडला अभयारण्याचा जय. 2013 मध्ये तो नागझिऱ्याहून शंभरावर किलोमीटर चालत इकडे आला. रस्ते ओलांडले, नद्या ओलांडल्या, आणि कोणत्याही नाक्यावर ओळख सांगितली नाही. त्याच्या दर्शनाला गाड्यांच्या रांगा लागायच्या. पुढे गळ्यात रेडिओ कॉलर आली. एप्रिल 2016 मध्ये कॉलरचा सिग्नल थांबला आणि जय दिसेनासा झाला. गावोगाव देवाला साकडे घातले, माहिती देणाऱ्याला बक्षीस जाहीर झाले. जय आला नाही.

पण वकिली डोके एकदा चालू झाले की थांबत नाही. जय हे नाव कुठले? 'शोले'तले, अमिताभ बच्चन यांच्या पात्राचे. आमच्या जयच्या भावाचे नावही वीरू. बच्चन यांना नाव, आवाज, छबीसाठी न्यायालयाचे संरक्षण मिळाले नोव्हेंबर 2022 मध्ये. त्याच वर्षी मे महिन्यात 'शोले' हे नाव परवानगीविना वापरणाऱ्या एका वेबसाइटवाल्याला दिल्ली उच्च न्यायालयाने 25 लाख रुपये भरायला लावले. आमचा जय सहा वर्षे आधीच गायब झाला होता. पोहेवाल्याच्या मते त्याला कुणीतरी आधीच टिप दिली असावी.

"पण फोटो तर त्याचाच हक्काचा ना? कॅमेरा ट्रॅपमधी त्यानंच काढला."

प्रश्न दमदार आहे. झाडाला बांधलेला कॅमेरा, समोरून वाघ गेला की आपोआप क्लिक. आमचा कायदा म्हणतो, फोटो काढणारी व्यक्ती ती कर्ता. कम्प्युटरने केलेली कलाकृती असेल तर ती घडवून आणणारी व्यक्ती कर्ता. घडवून वाघाने आणले, पण घोडे 'व्यक्ती'पाशी अडते. अमेरिकेत एका माकडाने काढलेल्या सेल्फीवरून हा खटला खरोखर चालला. 2018 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितले, प्राण्याला कॉपीराइटचा दावा लावता येत नाही. माकडाच्या वतीने लढणारी संघटना तरी होती. वाघाच्या वतीने सही घ्यायला कोण जाणार?

प्रसिद्धीचा त्रास मात्र वाघाला पुरेपूर आहे. 31 डिसेंबर 2024 रोजी याच अभयारण्याच्या गोठणगाव भागात एफ-2 वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यात असताना जिप्सींनी पुढून-मागून वेढा घातला. नवे वर्ष साजरे करायला आलेल्या मंडळींनी मोबाइल उंचावले, व्हिडिओ फिरला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक-गाइडांवर कारवाई झाली. नटाच्या मागे फोटोवाले लागले तर तो गाडीच्या काचा वर करतो. एफ-2 ला काचा नव्हत्या.

"बरं, उद्घाटनाला डीजे तर चालते?"

मी म्हटले, लग्नाच्या वरातीत, समारंभात गाणे वाजवले तर कॉपीराइटचा भंग होत नाही, असे कायद्याच्या कलम 52 मध्येच लिहिले आहे. 2023 च्या जुलैत केंद्राने त्याची जाहीर आठवणही करून दिली. पण पोह्याचे दुकान म्हणजे लग्न नव्हे.

तो क्षणभर विचारात पडला. "मंग पोह्याचं न् तर्रीचं लग्न लावून टाकू."

त्याच कलमात टीकेला, परीक्षणाला आणि चालू घडामोडींच्या वार्तांकनाला वाट ठेवली आहे. विडंबनाचे नाव मात्र त्यात कुठे आढळत नाही. तेव्हा वरचा सगळा मजकूर हे चालू घडामोडींचे वार्तांकन आहे, याची नटांच्या वकिलांनी कृपया नोंद घ्यावी.

फ्लेक्स अजून जवळजवळ कोरा आहे. वर 'पोहे' एवढेच छापून ठेवले आहे, डावा कोपरा रिकामा सोडला आहे. कुणाकडे स्वतःच्या कॅमेऱ्याने काढलेला, स्वतःच्या मालकीचा, बर्फ नसलेला उमरेडचा वाघ असेल तर लेखी परवानगीसह दुकानात आणून द्यावा. मोबदला एक प्लेट पोहे, तर्री मागाल तेवढी.