वाण म्हणून खून!

अहो, ऐकलंत का? आमच्या सोसायटीतल्या एका हळदीकुंकवाला यंदा वाण म्हणून काय मिळालं? 'द हाउसमेड' ही कादंबरी! एका हातावर तिळगूळ, दुसऱ्या हातात बाहेरूनच कडी लागणारी माळ्यावरची खोली. शिव शिव! आणि लिहिणारी कोण, तर फ्रीडा मॅकफॅडन. बाई डॉक्टर आहे, मेंदूच्या दुखापतींची तज्ज्ञ, हे नाव टोपण. दिवसा मेंदू दुरुस्त करायचे आणि रात्री आमचे बिघडवायचे!

वाचायचे हो, रहस्यकथा-भयकथा पूर्वीही वाचायचे. पण अर्नाळकरांच्या झुंजारच्या वेळी बदमाश बाहेरचा असायचा, दाराला कडी घातली की निवांत. धारपांच्या भुतालाही बिचाऱ्याला ओसाड वाडा लागायचा. या आताच्या लेखिकांचं वन बीएचकेत भागतं. जिलियन फ्लिनच्या 'गॉन गर्ल'मध्ये (२०१२) लग्नाच्या पाचव्या वाढदिवशीच बायको गायब, आणि सगळ्यांचे डोळे नवऱ्याकडे. मध्ये मध्ये तिची डायरी. त्या डायरीवर फार विसंबू नका, एवढंच सांगते. पुढचं फोडलं तर मला भिशीतून काढतील. आमच्याकडे खुन्याला माफी आहे, शेवट सांगणारीला नाही.

बरं, आजकालच्या पोरींना नावं ठेवावीत तर दाफ्ने द्यू मोरियेची 'रेबेका' १९३८ सालची! पहिली बायको मेलेली, पण घरात हुकूम तिचाच. नव्या नवरीला अख्ख्या पुस्तकात नाव नाही. सासरी नाव बदलतात हे ठाऊक होतं; इथे ठेवतच नाहीत!

शेवटी मी विचारलंच, "एवढ्या अघोरी गोष्टीत गोडी कसली गं बायांनो?" सी विंगमधल्या काकू वाती वळता वळता म्हणाल्या, "अगं, चाळीस वर्षं वाढतेय यांना. मीठ किती लागतं ते कळलं, पण गॅलरीत बसून तासन्‌तास कसला विचार करतात ते नाही कळलं. पुस्तकात निदान तीनशे पानांत उलगडतं."

सगळ्या एकदम गप्प. मग तिघींनी पुस्तकासाठी नंबर लावला.

घरी आले तर हे माझंच पुस्तक वाचत बसलेले. मला बघून उठले. "दमलीस? चहा टाकतो." लग्नाला एकतीस वर्षं झाली, हे वाक्य पहिल्यांदाच ऐकलं.

ते साखरेचा डबा ठेवायला आत वळले, तेवढ्यात मी कप बदलले.